घाटमाथ्यावरचा वाचक : मराठी बालपुस्तकांतील वैविध्याचा इतिहास आणि इगतपुरी परिसर

प्रास्ताविक

मराठी बालसाहित्याचा इतिहास बहुधा पुणे-मुंबईच्या छापखान्यांपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. लेखक, संपादक, प्रकाशक व नियतकालिके यांची नोंद होते. परंतु ही पुस्तके कोणत्या मुलाच्या हाती पडली आणि त्या मुलाला त्यांत स्वतःचे काय सापडले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी परिसर डोळ्यांसमोर ठेवून विचारला आहे. इगतपुरीची निवड सहेतुक आहे. थळ घाटातील लोहमार्ग पूर्ण होऊन १८६५ मध्ये येथे आगगाडी आली आणि स्थानकाभोवती रेल्वेच्या युरोपीय, अँग्लो-इंडियन व देशी नोकरवर्गाची वस्ती वाढली. या वस्तीपासून चार-सहा मैलांवर डोंगराच्या कुशीत महादेव कोळी, ठाकर व कातकरी यांचे पाडे होते व आहेत. पुण्या-मुंबईची मासिके टपालाच्या थैलीतून घाट चढून येऊ लागली. ती स्थानकाच्या पलीकडे किती गेली, यातच या विषयाचे मर्म आहे.

अनुवादाचे युग

मराठी मुलांच्या पुस्तकांचा आरंभच परक्या मुलांच्या गोष्टींनी झाला, ही बाब लक्षणीय आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ ही इसापच्या कथांवर आधारलेली होती. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ व ‘बाळमित्र’ ही पुस्तके मुंबईत छापली गेली. पैकी ‘बाळमित्र’ हे बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या संवादकथांचे, इंग्रजीच्या मार्गाने आलेले मराठी रूप होय. म्हणजे फ्रान्समधील सुखवस्तू घरातील मुले मराठी पुस्तकात शिरली, तेव्हा सह्याद्रीतील मुलांचा त्यात मागमूसही नव्हता. दूरचे आधी आले आणि जवळचे मागे राहिले. यात छत्र्यांचा दोष नाही. शाळांसाठी क्रमिक पुस्तके तातडीने हवी होती आणि नमुने इंग्रजीतच उपलब्ध होते. त्यांची भाषा आजही वाचण्याजोगी प्रसन्न आहे, हेही नमूद केले पाहिजे.

नियतकालिकांच्या काळात चित्र काहीसे बदलले. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये निघाले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले व दीर्घकाळ एकहाती चालवले. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मधले. ओकांच्या मासिकात थोरांची चरित्रे, शास्त्रीय माहिती, निबंध व कविता असा विविध मजकूर येई. परंतु ही विविधता विषयांची होती, वाचकांची नव्हती. ज्या मुलाला उद्देशून ओक लिहीत होते, ते मूल मराठी शाळेत जाणारे, घरी पुस्तक बाळगू शकणारे आणि वर्गणी भरणाऱ्या पालकांचे होते.

नाशिकचे योगदान

नाशिक जिल्ह्याचा या इतिहासातील वाटा सामान्यतः समजला जातो त्यापेक्षा मोठा आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे रेल्वेच्याही आधीचे. पुढे देवदत्त नारायण टिळक यांच्या संपादनाखालील ‘बालबोधमेवा’मध्ये शालेय वयातील शिरवाडकरांचे, म्हणजेच पुढील कुसुमाग्रजांचे, प्रारंभीचे लेखन प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती मिशनच्या मासिकात एका हिंदू विद्यार्थ्याने लिहावे आणि संपादकाने ते आवडीने छापावे, ही त्या काळातील घटना आज विविधतेविषयी बोलताना स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

त्याहून महत्त्वाची घटना नाशिकच्या तुरुंगातील. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये येथे अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ मध्ये ते प्रकाशित झाले. या पुस्तकाच्या भावुकतेवर बरीच टीका झाली आहे व तीत तथ्य नाही असे नाही. तथापि कोकणातील दारिद्र्य, कर्ज, घरावरील जप्ती या गोष्टी मुलांच्या पुस्तकात इतक्या उघडपणे पूर्वी क्वचितच आल्या होत्या. स्पृश्यास्पृश्यतेचा प्रश्नही त्यात आईच्या तोंडून येतो. पुढे गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलाला दुसऱ्या प्रांताची भाषा व साहित्य कळावे, हा तिचा गाभा. प्रांताप्रांतांतील अंतराइतकेच मोठे अंतर एकाच तालुक्यातील बाजारपेठ आणि पाडा यांमध्ये असू शकते, याकडे मात्र या कल्पनेच्या पुरस्कर्त्यांचे लक्ष पुढेही फारसे गेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कोसबाडचा धडा

हे अंतर ओळखण्याचे काम साहित्यिकांआधी शिक्षणतज्ज्ञांनी केले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये ते वाढवले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, या विचारातून अंगणवाडी व कुरणशाळा उभ्या राहिल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे. शिक्षणाची साधने पाने, बिया, शिंपले, खडे अशी परिसरातील होती. गाणी आणि गोष्टीही मुलांच्या अनुभवाशी जुळतील अशा निवडल्या वा रचल्या जात. येथे पुस्तक शेवटी येई व मुलाचे स्वतःचे जग आधी.

इगतपुरी व कोसबाड यांमध्ये सह्याद्रीची रांग आहे, पण मुलांची स्थिती फार निराळी नाही. या तालुक्यातील मुलाचा पाऊस म्हणजे भाताची लावणी, डोक्यावरचे इरले आणि चिखलात भिजलेली आई. पावसाळ्याआधी राब भाजणे, नागली-वरईची शेते, बोहाड्याच्या रात्री मुखवटे घालून नाचणारे देव व राक्षस, दिवसातून अनेकदा बोगद्यात शिरणारी गाडी हे सारे त्याचे साहित्य आहे. बोहाडा तर अख्खे नाट्य आहे. त्यात पुराणकथा आहेत आणि त्या पाठ नसलेले मूल पाड्यावर विरळा. असे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यासमोर छत्री घेतलेली, बूट घातलेली, कागदी होड्या सोडणारी मुले येतात. ही चित्रे वाईट नाहीत. पण पहिलीपासून तेवढीच पाहिली तर पुस्तक ही आपली वस्तू नव्हे, असे मुलाच्या मनात ठसते.

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये तेथील बालपुस्तके जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या मुलांची असल्याचे दाखवून दिले. १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तक हे कधी आरसा तर कधी खिडकी असते, असे मांडले. आपल्याकडील स्थितीला ही मांडणी तंतोतंत लागू करता येणार नाही, कारण येथे वर्णाच्या जोडीला जात, जमात व बोली यांचा गुंता आहे. तरीही इगतपुरीच्या मुलाला दीडशे वर्षे खिडक्याच मिळाल्या, आरसा मिळाला नाही, हे म्हणण्यास ती उपयोगी पडते.

संकलन, पेट्या आणि उरलेले अंतर

स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय पातळीवर काही पावले पडली. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक निघाले. अल्प किमतीत राज्यभर पोहोचणाऱ्या या मासिकाने ग्रामीण लेखकांना स्थान दिले. गोविंद गारे यांच्यासारख्या आदिवासी समाजातून आलेल्या अभ्यासकाने महादेव कोळ्यांविषयी केलेले लेखन प्रौढांसाठी असले तरी मुलांच्या लेखकांना कच्चा माल पुरवणारे आहे; त्याचा उपयोग पुरेसा झालेला नाही. २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा राज्यातील आदिवासी बोलींची एकत्र नोंद वाचकांसमोर आली. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’ या संकलनाने निरनिराळ्या काळांतील व स्तरांतील मराठी लेखन चित्रकृतींसह मुलांपुढे ठेवले, हे काम एखाद्या संस्थेच्या तोडीचे आहे.

वितरणाच्या अंगाने नाशिकमध्ये २००९ मध्ये सुरू झालेली कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना उल्लेखनीय होय. विनायक रानडे यांनी उभारलेल्या या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकगटाकडे जाते व ठरावीक काळाने गटागटांत बदलली जाते. पुढे मुलांच्या पुस्तकांच्या पेट्याही निघाल्या. पुस्तक वाचकाकडे नेण्याची ही रीत कुरणशाळेच्या जवळची आहे. मात्र पेटीत काय आहे, हा प्रश्न पेटी पोहोचल्यानंतरही उरतोच. पाड्यावरील मुलाच्या बोलीतील, त्याच्या आजीने सांगितलेली आणि त्याच्याच गावच्या कोणी चितारलेली गोष्ट त्या पेटीत असल्याखेरीज तो आरसा पुरा होत नाही.

या प्रश्नाला केवळ वाङ्मयीन समजणे धाडसाचे ठरेल. सप्टेंबर २०२२ मध्ये याच तालुक्यातील उभाडे येथील कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी परजिल्ह्यात वेठीला ठेवली गेल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. शिक्षणहक्काचा कायदा होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती आणि उभाड्याच्या जवळून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. ताराबाईंनी ज्यांच्यासाठी कुरणात शाळा नेली होती, ती मुले अजून कुरणातच होती, तीही दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे. त्या मुलांच्या आयुष्यावर मराठीत मुलांसाठी एखादी कथा लिहिली जाईल का, ती त्यांच्यापैकीच कोणी लिहील का, आणि ती छापून झाल्यावर घोटीच्या बाजारापलीकडच्या पाड्यावर कोण नेऊन देईल, हे प्रश्न तूर्त ग्रंथालयांच्या आणि शाळांच्या दप्तरात कोठेही नोंदलेले नाहीत.