दप्तरांतून माणसांकडे

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहिला जातो, तेव्हा संस्थापकांची नावे, विश्वस्तांची यादी आणि देणगीदारांची नामावली आवर्जून छापली जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबांच्या बळावर अशा संस्था उभ्या राहतात, त्या कुटुंबांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. आपल्यापैकी कितीजणांना पणजोबांचे नाव सांगता येईल? पणजीचे सांगता येईल का? आणि तिच्या माहेरचे गाव?

हा प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर एके दिवशी ते म्हणाले, "माझ्या आईचे माहेरचे नाव काय होते रे? मला मामा होते, एवढेच आठवते." आजी वारली तेव्हा वडील लहान होते. घरात तिचे सासरचे नाव तेवढे शिल्लक होते. माहेर "नदीपलीकडचे" एवढीच आठवण उरली होती. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या सांगलीसारख्या लहान शहरात कोणकोणती दप्तरे आहेत आणि त्यांत माणसे कशी सापडतात, हे मला प्रथमच कळले. तो अनुभव वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल, या भावनेने येथे मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आजचा सांगली जिल्हा ही अलीकडची रचना आहे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी तासगाव, वाळवे हा मुलूख ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होता. सांगलीत पटवर्धनांचे राज्य होते. मिरजेच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पात्या होत्या आणि धाकट्या पातीची राजधानी बुधगाव होती. जतचे संस्थान निराळे होते, तर आटपाडी औंध संस्थानात होती. शिवाय सांगली संस्थानचे तालुके एकमेकांस लागून नव्हते. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी असे ते दूरवर विखुरलेले होते. यांपैकी मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, तर तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आजच्या कर्नाटकात आहेत. आपल्या समाजातील अनेक घराण्यांची मुळे त्या भागात आहेत. त्यामुळे पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने गावाचे नाव कळताच ते त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हे प्रथम पाहावे. चुकीच्या कचेरीत घालवलेला एक महिना मला हा धडा शिकवून गेला.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे आदगोंडा, पायगोंडा, बाबगोंडा, सातगोंडा ही नावे पिढ्यानपिढ्या चालत आली. एकाच घरात आजोबा आणि नातू यांचे नाव एकच असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा, आणि आचार्य शांतिसागर महाराजांचे गृहस्थाश्रमातील नाव सातगोंडा, हे आपण जाणतोच. दप्तरात हीच नावे कधी "गोंडा", कधी "गौडा" अशी लिहिलेली आढळतात. घरात आण्णा, आप्पा, तात्या म्हटली जाणारी व्यक्ती कागदावर दुसऱ्याच नावाने असते. आडनाव तर पुष्कळदा नसतेच. जुन्या कागदांत "बिन" म्हणजे पुत्र आणि "कोम" किंवा "जवजे" म्हणजे पत्नी. "भ्रतार" या शब्दापुढे स्त्रीच्या पतीचे नाव येते. हे चार शब्द ज्याला कळले, त्याला अर्धे दप्तर कळले. मोडी कागद असल्यास जाणकाराची मदत घ्यावी, कारण मोडीत शब्द सुटे लिहिण्याची पद्धत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. कालगणनेचेही तसेच. शकात ७८ आणि दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळवले असता इसवी सन ढोबळमानाने मिळतो.

आता मूळ शोधाकडे वळू. आजीचे नाव कोणत्या कागदात असेल? ती शाळेत गेली नव्हती. तिच्या नावे घर नव्हते, जमीन नव्हती. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत आणि सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव होते. जनगणनेत ती मोजली गेली असणार, परंतु १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय असते व ती कोणास पाहता येत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास संकोच केला आणि "अमक्याची पत्नी" म्हणून दिलेल्या लक्षावधी नोंदी देशभरात वगळाव्या लागल्या, हा इतिहास आहे. आजी तर त्या निवडणुकीनंतर थोड्याच वर्षांत वारली.

तेव्हा मी उलट्या दिशेने निघालो. वडील थोरले अपत्य. पहिले बाळंतपण माहेरी होते, ही आपली रीत. म्हणजे वडिलांचे जन्मगाव हेच आजीचे माहेर असले पाहिजे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचे जन्मस्थळ लिहिलेले असते. वडिलांच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढून दिले. जन्मतारीख होती १ जून. तीवर कोणी विश्वास ठेवू नये, कारण तारीख ठाऊक नसलेल्या असंख्य मुलांचा वाढदिवस गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या सोयीने १ जून करून टाकला आहे. परंतु शेजारच्या रकान्यात गावाचे नाव स्पष्ट होते.

त्या नावाची गावे दोन निघाली, एक बुद्रुक व एक खुर्द. दोन्ही त्या काळी मिरजेकडे होती आणि दोन्हींचे जुने कागद आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सर्व देशासाठी एकच कायदा १९६९ चा. त्यापूर्वीच्या गावोगावच्या नोंदी पाहावयाच्या तर गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते मागावे लागते. बुद्रुकच्या बुकात काही मिळाले नाही. खुर्दच्या बुकाची पाने कडेने झिजली होती. परंतु १ जूनच्या आधीच्या वर्षी माघ महिन्यात जन्मलेल्या एका मुलाची नोंद होती. बापाचे नाव आजोबांचे, राहणार सांगली. वर्दी देणाराचे नाव निराळे होते. ते पणजोबांचे, आजीच्या वडिलांचे. आईचे नाव लिहिलेले नव्हते. त्या नमुन्यात त्यासाठी जागाच नव्हती.

पुढचा मार्ग जमिनीचा होता. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खातेदार मृत झाला की तलाठी वारसांची नावे तीत लिहितो आणि मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला. हा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याने मुलीस पित्याच्या मालमत्तेत मुलाबरोबर वारस ठरविले. पणजोबा त्यानंतर वारले होते आणि त्या वेळी आजी हयात होती. म्हणून वारसनोंदीत विधवेचे, दोन मुलांचे आणि तीन मुलींची नावे होती. तिसऱ्या मुलीच्या नावापुढे "भ्रतार" असे लिहून आजोबांचे पूर्ण नाव, राहणार सांगली. आजीचे माहेरचे नाव मला असे मिळाले.

त्याच्या लगतचा फेरफार वाचला आणि मी काही वेळ पुढे वाचू शकलो नाही. तिन्ही बहिणींनी भावांच्या लाभात आपला हक्क सोडल्याची ती नोंद होती. सोबतच्या जबाबाखाली तीन निशाण्या होत्या, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या. त्यांतील एक आजीची. वडिलांजवळ आईचे छायाचित्र नाही, तिच्या हातचे अक्षर नाही. तिच्या देहाची एवढीच एक खूण जगात उरली आहे, आणि ती तिने आपले सर्व देऊन टाकले त्या कागदावर आहे.

यात मी कोणास दोष देत नाही. माहेरची वाट खुली राहावी, भावाने दिवाळीस न्यावयास यावे, म्हणून बहिणी आनंदाने सही करीत, असे आपण सांगत आलो. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु ज्या कायद्यामुळे आजीचे नाव प्रथमच सरकारी दप्तरात आले, त्याच कायद्याने दिलेला हक्क पुढच्याच नोंदीत संपला, हेही तितकेच खरे आहे. नंतर कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस जन्मतः सहदायाद मानले. आपल्या घरांतील रीत किती पुढे गेली, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या सातबाऱ्याशी ताडून पाहावे.

मी नक्कल घरी आणली. वडिलांना चष्म्यानेही नीट वाचता येत नव्हते, म्हणून नाव मोठ्याने वाचून दाखविले. त्यांनी ते दोनदा उच्चारले. नंतर अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. पुढील महिन्यात आम्ही त्या गावी गेलो. मामांच्या नातवाने घर दाखविले. त्याच्या घरीही या आत्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते.

आज हा शोध पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने कचेरीची दारे उघडली. अनेक जुने फेरफार आणि सातबारे शासनाच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे खेडोपाडीची मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली. विश्वस्त संस्थांची माहिती हवी असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदवहीचे परिशिष्ट एक पाहावे. त्यात वेळोवेळीच्या विश्वस्तांची नावे मिळतात. खरेदीखते व हक्कसोडपत्रे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनवरून शोधता येतात. मात्र कृष्णामाईच्या काठी राहणाऱ्या आपण हे विसरू नये की कागद पाण्यात टिकत नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी आपल्या शहरातील घरांबरोबर घरोघरच्या ट्रंकांतील कागदही नेले.

म्हणून समाजबांधवांस एक नम्र विनंती आहे. आपल्या घरी वंशावळ असल्यास ती काढून पाहावी. तीत बहुधा केवळ पुरुषांची नावे असतील. प्रत्येक नावाशेजारी पत्नीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि गाव लिहावे. घरातील वृद्धांना विचारावे, आणि आजच विचारावे. ज्यांना कोणी सांगणारे उरले नसेल, त्यांनी शाळेच्या रजिस्टरपासून आरंभ करावा व जन्मस्थळाचा रकाना प्रथम पाहावा. संस्थेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचे काम करणाऱ्या पिढीला तरी आपल्या आजीचे नाव तिने हक्क सोडल्याच्या कागदात शोधावे लागू नये.