कॅप्टन सुझन स्ट्रक यांचा खटला

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना परिचारिकेची ओळख करून देण्याची गरज नाही. कुणाची थोरली बहीण, कुणाची सून, कुणाची मावशी इस्पितळात रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने घरी परततानाचे दृश्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. पोटात बाळ असताना वॉर्डात उभे राहणे, रुग्णाला उचलून कुशीवर वळवणे, औषधांच्या उग्र वासाने मळमळत असतानाही हसतमुखाने पाळी पूर्ण करणे, हे सारे यांतील अनेकींनी केले आहे. मात्र गरोदर परिचारिकेला कामावर राहू द्यावे, ही गोष्ट आज आपल्याला जितकी स्वाभाविक वाटते तितकी ती पूर्वी नव्हती. त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. या लढ्यातील एक महत्त्वाचा खटला एका कॅथलिक परिचारिकेने लढविला होता, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. तेव्हापासून परिचारिका म्हणजे वसतिगृहात राहणारी, मेट्रनच्या देखरेखीखाली वावरणारी अविवाहित तरुणी, असे चित्र रूढ झाले. लग्न ठरले की गणवेश उतरवायचा, हा संकेतच होता. जिला लग्नच करू द्यायचे नाही, तिच्या बाळंतपणाचा विचार कोण करणार? लष्करात तर हा संकेत लेखी हुकूम होऊन बसला. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी एप्रिल 1951 मध्ये आदेश क्रमांक 10240 काढला. सैन्यदलातील स्त्री गरोदर असेल, सेवेत असताना प्रसूत झाली असेल किंवा लहान मुलाची आई असेल, तर तिला सेवेतून काढून टाकण्याचा अधिकार या आदेशाने दिला. नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुले घरात राहत असली तरी हाच नियम लागू होता. त्याच सैन्यात लक्षावधी बाप सुखेनैव नोकरी करीत होते, ही गोष्ट हुकूम लिहिणाऱ्यांना खटकली नसावी.

सुझन स्ट्रक 1967 साली अमेरिकेच्या हवाई दलात परिचारिका म्हणून दाखल झाल्या आणि पुढे कॅप्टन झाल्या. व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेले होते. 1970 साली तेथील एका हवाई तळावर त्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच काळात आपल्याला दिवस गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्या अविवाहित होत्या. हवाई दलाच्या नियमानुसार स्त्री अधिकारी गरोदर असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविले की शक्य तितक्या लवकर तिला सेवामुक्त करावयाचे होते.

नोकरी टिकविण्याची एक वाट मात्र मोकळी होती, ती गर्भपाताची. ज्या काळात अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गर्भपात हा गुन्हा होता, त्याच काळात लष्करी इस्पितळांत तो करून मिळत असे. म्हणजे बाळ जगू दिले तर नोकरी जाणार आणि बाळाला संपविले तर नोकरी राहणार. सरकारने आपल्याच कर्मचाऱ्यापुढे इतक्या उघडपणे अशी निवड ठेवल्याचे उदाहरण विरळाच.

स्ट्रक कॅथलिक होत्या. ती वाट आपली नव्हे, असे त्यांनी सांगितले. पण नोकरी सोडण्यासही त्यांनी नकार दिला, आणि येथेच त्यांचे वेगळेपण दिसते. त्यांनी वरिष्ठांपुढे मांडलेली योजना साधी होती. साठवलेल्या रजेत प्रसूती उरकायची, बाळ दत्तक द्यायचे आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचे. सरकारला एका दिवसाचाही जादा खर्च नव्हता. तरीही उत्तर नकारार्थी आले. त्यांना व्हिएतनाममधून हलवून वॉशिंग्टन राज्यातील मॅकॉर्ड हवाई तळावर आणण्यात आले आणि सेवामुक्तीची कारवाई सुरू झाली. 3 डिसेंबर 1970 रोजी त्यांना मुलगी झाली. ठरल्याप्रमाणे त्यांनी ती दत्तक दिली. आपल्या विश्वासाशी प्रामाणिक राहण्याची ही किंमत त्यांना आपल्या काळजातूनच मोजावी लागली असणार. त्यांच्यावर अविवाहितपणाचा ठपका ठेवू इच्छिणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की बाळाला जन्म देण्याचा मार्गच त्यांच्यासाठी सर्वांत कठीण होता.

जिल्हा न्यायालयात त्या हरल्या. नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानेही नोव्हेंबर 1971 मध्ये हवाई दलाच्या बाजूने कौल दिला. रणभूमीवर गरोदर परिचारिकेचा उपयोग नाही, उलट तिचीच काळजी घ्यावी लागेल, असा युक्तिवाद होता. वरवर तो पटण्यासारखा आहे, आणि गरोदर स्त्रीला युद्धक्षेत्रात ठेवावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु स्ट्रक यांना केव्हाच मायदेशी आणले होते. प्रश्न युद्धभूमीचा नव्हता, कायमच्या हकालपट्टीचा होता. पाय मोडलेल्या अधिकाऱ्याला बरे होईपर्यंत रजा मिते, मग बाळंतिणीला का नाही? न्यायाधीश बेन डनिवे यांनी या निकालाला विरोधी मत नोंदविले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या ओरेगनच्या अबिगेल स्कॉट डनिवे यांचे ते नातू होत.

दरम्यान सेवामुक्तीला महिन्या-महिन्याने स्थगिती मिळत होती आणि स्ट्रक गणवेशातच होत्या. आता खटला सर्वोच्च न्यायालयात नेण्याचे काम रूथ बेडर गिन्सबर्ग या वकीलबाईंकडे आले. याच गिन्सबर्ग पुढे 1993 मध्ये त्या न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. गरोदरपणाची शिक्षा त्यांनी स्वतः भोगली होती. पन्नासच्या दशकात ओक्लाहोमातील सरकारी कचेरीत आपण गरोदर असल्याचे सांगताच त्यांना खालच्या जागेवर टाकण्यात आले. पुढे 1965 साली विद्यापीठात शिकवीत असताना दुसऱ्या बाळंतपणाची बातमी त्यांनी सासूबाईंचे सैल कपडे घालून लपविली. गिन्सबर्ग यांची गर्भपाताविषयीची मते आपल्या धर्मसभेच्या शिकवणुकीच्या विरुद्ध होती, हे सांगितलेच पाहिजे. तरीही बाळाला जन्म देऊ इच्छिणाऱ्या कॅथलिक परिचारिकेसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात समानता आणि व्यक्तिगत निर्णयाचे स्वातंत्र्य यांच्या जोडीला धर्मस्वातंत्र्याचाही मुद्दा ठामपणे मांडला. बाप होणाऱ्या पुरुषाला हवाई दल काढीत नाही, मग आई होणाऱ्या स्त्रीलाच का, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

24 ऑक्टोबर 1972 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला सुनावणीस घेतला. सरकारचे वकील होते सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिस्वोल्ड. हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाचे प्रमुख असताना, तुम्ही येथे पुरुषाची जागा का अडविली, असे विद्यार्थिनींना विचारणारे गृहस्थ ते हेच. त्या विद्यार्थिनींत गिन्सबर्गही होत्या. पण ग्रिस्वोल्ड कायदा जाणणारे होते. हा खटला आपण हरणार हे ओळखून त्यांनी हवाई दलाला माघार घेण्याचा सल्ला दिला. हवाई दलाने स्ट्रक यांची सेवामुक्ती रद्द केली. वादाचे कारणच उरले नाही, म्हणून डिसेंबर 1972 मध्ये खटला निकालाविना संपला.

खटला जिवंत ठेवता येईल असे आणखी काही तुम्हाला नाकारले गेले आहे का, असे गिन्सबर्ग यांनी त्यांना विचारले होते. मला वैमानिक व्हायचे आहे, असे स्ट्रक म्हणाल्या आणि दोघीही हसल्या. ती मागणी त्या काळी अशक्य कोटीतली होती. चारच वर्षांनी, 1976 साली, हवाई दलाने स्त्रियांना वैमानिकाचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला.

स्ट्रक यांची नोकरी राहिली, परंतु सर्वांसाठी दंडक ठरेल असा निकाल मिळाला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1973 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड या खटल्यात गर्भपाताला घटनात्मक हक्क म्हणून मान्यता दिली. 2022 मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरविला. स्ट्रक यांचा खटला आधी निकालात निघाला असता तर बरे झाले असते, असे गिन्सबर्ग पुढे म्हणत असत. आपल्याला तो विचार वेगळ्या कारणाने भावतो. न्यायालयापुढचा पहिला प्रश्न मूल नको असलेल्या स्त्रीचा नव्हे, तर ते हवे म्हणणाऱ्या स्त्रीचा आला असता. गरोदर स्त्रियांना सक्तीने सेवामुक्त करण्याची प्रथा अमेरिकी सैन्यदलांनी 1975 मध्ये सोडली. खाजगी नोकऱ्यांत गरोदरपणावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा 1978 साली आला.

धर्मसभेच्या इतिहासातही रुग्णसेवा आणि बाळंतपण यांची गाठ सहजासहजी पडली नाही. धर्मभगिनींना प्रसूतिशास्त्राचे काम करण्यास दीर्घकाळ मनाई होती. परपुरुष डॉक्टरला न दाखविणाऱ्या आपल्या देशातील स्त्रिया बाळंतपणात दगावत होत्या. हे पाहून डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन यांनी रोमकडे सतत पाठपुरावा केला, आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन डॉ. अ‍ॅना डेंगल यांनी 1925 साली वैद्यकीय सेवेला वाहिलेला भगिनीसंघ स्थापन केला. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमने ही वाट मोकळी केली.

आणि आपल्या देशात? 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला, पण तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठी होता. 1961 च्या केंद्रीय कायद्याचा रोखही प्रामुख्याने कारखाने, खाणी आणि मळ्यांकडे होता. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकाने व आस्थापनांना तो 1988 च्या दुरुस्तीने लागू झाला. 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली.

ज्या 1988 साली ही दुरुस्ती झाली, त्याच साली आपल्या लष्करी परिचर्या सेवेतील एका लेफ्टनंटला लग्न केले म्हणून घरी पाठविण्यात आले. त्यासाठी 1977 चा लष्करी आदेश क्रमांक 61 पुढे करण्यात आला. 1995 मध्ये तो आदेश मागे घेतला गेला, पण तिची नोकरी गेली ती गेलीच. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सेवामुक्ती बेकायदेशीर ठरविली आणि केंद्र सरकारने तिला 60 लाख रुपये आठ आठवड्यांच्या आत द्यावेत, असा आदेश दिला. मधे 35 वर्षे उलटली होती.