अवर्षणाच्या मुलखातील स्तवन

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव वसलेले आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक येथूनच वळतात. जनावरांचा बाजार आणि कांद्याची पेठ यांमुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. निसर्गाने मात्र या मुलखाला हात राखूनच दिले आहे. सह्याद्री पश्चिमेकडेच पाऊस अडवून धरतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस इकडे वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरांवर येतो, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने तालुक्याचा बराच भाग भिजवला, तरी आभाळाकडे पाहण्याची सवय सुटलेली नाही. अशा ठिकाणी ऋतूंबद्दल परमेश्वराचे स्तवन करायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आपले उपासना-वर्ष युरोपच्या हवामानात वाढले, हे आधी लक्षात घ्यावे लागते. तिकडे प्रायश्चित्तकाळ येतो तो हिवाळा सरता सरता, कणगी रिकामी होत आलेली असताना. उपवास तेथे निसर्गच घडवून आणी. आमच्याकडे भस्म बुधवार येतो तो ज्वारीच्या सुगीत. खळ्यावर रास पडलेली आणि आम्ही उपवासाला बसलेले. तिकडे पुनरुत्थानाच्या सणाला रानोमाळ फुले उमलतात. इकडे त्याच सुमारास विहिरी तळाला जातात आणि फुलतो तो कडुनिंब. पिकांसाठी शेतांभोवती मिरवणूक काढून प्रार्थना करण्याची प्रथा पाचव्या शतकात गॉलमधील व्हिएन या नगरात महागुरू मामेर्तुस यांनी सुरू केली. ते दिवस स्वर्गारोहणाच्या आधीचे तीन. आमच्याकडे ते वैशाखाच्या आगेमागे पडतात, जेव्हा शेतात पीक नसते, केवळ नांगरलेली ढेकळे असतात. १९६९ साली नव्या दिनदर्शिकेच्या नियमांनी हे दिवस त्या त्या देशाच्या ऋतुमानाप्रमाणे ठरवण्याची मुभा धर्माध्यक्षांच्या परिषदांना दिली, हे योग्यच झाले.

पण दिवस बदलल्याने प्रश्नाचे मूळ सुटत नाही. निसर्गाच्या स्तवनाचा पहिला आदर्श म्हणून आपण जुन्या करारातील दानिएलाच्या ग्रंथाकडे पाहतो. ऊन आणि थंडी, दव आणि हिम, दिवस आणि रात्र या सर्वांना परमेश्वराची स्तुती करण्याचे आवाहन त्यातील तीन तरुण करतात. रविवारच्या प्रातःप्रार्थनेत ते स्तोत्र म्हणताना आपण एक गोष्ट सहज विसरतो: हे तरुण बागेत उभे नव्हते, ते राजा नबुखद्नेस्सराच्या पेटत्या भट्टीत होते. उन्हाला साद घालणारे ते स्वतः आगीत होते. आमच्या मुलखात हिम कोणी पाहिले नाही. पण भट्टी म्हणजे काय, हे वैशाखात आम्हांस कोणी समजावून सांगावे लागत नाही.

असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सूर्यगीताचीही हीच कथा. इ.स. १२२५ च्या सुमारास ते सान दामियानो येथे आजारी होते. डोळ्यांना उजेड सोसवत नव्हता. सूर्याला भाऊ म्हणणारे शब्द त्या अंधारात जन्मले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील आपल्या विश्वपत्राचे नाव त्याच गीतातून घेतले. सूर्यगीत हे निसर्गरम्य स्थळी सुचलेले गोड काव्य आहे, असे मानणाऱ्यांनी ते कसे रचले गेले, हे एकदा पाहावे.

मराठीत या स्तवनाला आपली भाषा मिळाली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडून. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी उपमा निवडल्या त्या मोगऱ्याच्या, कस्तुरीच्या, मोराच्या. आपल्या मायदेशी फुलांच्या नाहीत. छंदही त्यांनी ओवीचा घेतला. त्याच ओवीत, घोडेगावापासून फार दूर नसलेल्या नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली होती. पुढे कोकणातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरच्या परिसरात आले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. तरी त्यांची भजने आमच्या मंदिरांतून किती सहजपणे म्हटली जातात, हे वाचकांस ठाऊक आहेच.

नगर जिल्ह्यातील कॅथलिक समाजाचा इतिहास मात्र फुलांच्या ऋतूत सुरू झालेला नाही. १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दुष्काळांनी दख्खन भाजून काढली. त्याच दशकांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्य केंदळ, वळण, संगमनेर या बाजूंना रुजले. श्रद्धेत आलेली बहुतेक कुटुंबे गावकुसाबाहेरची, जमीन नसलेली होती. ती धान्यासाठी आली, असा टोमणा तेव्हापासून ऐकू येतो. उपाशी माणसाला भाकरी मिळाली, हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण पाऊस परतल्यावर आणि पहिल्या महायुद्धात ते धर्मगुरू या मुलखातून गेल्यावरही ही कुटुंबे प्रार्थनेला बसतच राहिली, याचे उत्तर टोमणा मारणाऱ्यांनी कधी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

१९७२ चा दुष्काळ आजही ज्येष्ठांच्या बोलण्यात येतो: मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडण्याची कामे. त्या काळी या जिल्ह्यात राबणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर हे येशूसंघीय होते. धान्य वाटून दुष्काळ हटत नाही, धावते पाणी थांबवले पाहिजे आणि डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत माती धरून ठेवली पाहिजे, या विचारावर त्यांनी पुढील आयुष्य वेचले. १९९३ मध्ये नगर येथे स्थापन झालेली पाणलोट विकासाची ‘वॉटर’ ही संस्था त्यांच्या पुढाकारातली. २०२१ साली ते निवर्तले. समतल चरांत साठलेले पाणी पाहिले, की हेही एक स्तोत्रच, असे आम्हांस वाटते.

समाजाने आपला ऋतू आपणच शोधला, याचे उदाहरण श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव. १९४९ पासून तेथे पवित्र मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते. गोव्यात या सुमारास भाताची नवी कणसे आशीर्वादासाठी मंदिरात येतात. इकडे त्या वेळी बाजरी कणसात असते, पाऊस उरला तर ओढे वाहू लागतात, आणि घोडेगाव-सोनईकडील कुटुंबेही नवेनेच्या दिवसांत हरेगावची वाट धरतात. पाऊस झाला तरी जातात, न झाला तरी जातात.

ऋतू नेहमी क्रमानेही येत नाहीत. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, ऐन प्रायश्चित्तकाळाच्या तोंडावर, महाराष्ट्रात गारपीट झाली. गहू झोपला, कांदा शेतातच सडला. एकशे अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रात परमेश्वराची स्तुती करणाऱ्यांच्या यादीत गाराही आहेत. आणि मिस्साग्रंथात पावसासाठी, उघडिपीसाठी व वादळ टळावे म्हणूनही स्वतंत्र प्रार्थना दिल्या आहेत. ज्या गारांना स्तुतीस बोलावायचे, त्याच टळाव्यात म्हणून हात जोडायचे. त्या वर्षी आमच्या लोकांनी दोन्ही केले, आणि सोमवारी शेतात जाऊन उरलेला कांदा निवडायला बसले.