शिधा

आप्रवासी घाटावर गेलेल्या प्रत्येकाला तिथल्या दगडी पायऱ्या आठवतात. त्याच आवारात स्वयंपाकघराचे अवशेषही आहेत, पण तिथे फारसे कोणी थांबत नाही. आठवडेच्या आठवडे बोटीत काढून आलेल्या माणसाला जमिनीवर मिळालेले पहिले जेवण अशाच चुलीवर शिजलेले असणार. मला ती जागा पायऱ्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण आपल्या लोकांना या बेटावर एका खाद्यपदार्थाने आणले आणि दुसऱ्याने इथे बांधून ठेवले.

पहिला पदार्थ अर्थातच साखर. ऊस या बेटाचा नव्हे. 1639 मध्ये डच लोकांनी तो जावाहून आणला. फ्रेंचांनी साखर केली, पण खरी धांदल सुरू झाली ती इंग्रजांच्या काळात. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची इंग्लंडमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली आणि मळेवाल्यांनी जंगले तोडून ऊस लावला. तिकडे इंग्लंडच्या कामगाराला चहात साखर हवी होती. मग 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथली गुलामगिरी संपली. मालकांना सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. ऊस तर तोडायलाच हवा होता. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले होते. मधली तीन-चार वर्षे बंदी आली. 1842 मध्ये ती उठली आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून मजूर येऊ लागले. मुंबईच्या बोटींत आपली माणसे होती.

आता दुसरा पदार्थ. करारात महिन्याला पाच रुपये मजुरी लिहिलेली असे आणि तिच्याखाली शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप. तांदूळ माणशी रोज दोन पौंडांच्या आसपास. आज ही यादी आपल्याला कंजूष वाटते. पण रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या गरीब घरातून ती वाचून पाहा. भात पिकवायचा आपण, त्यातला मोठा वाटा जायचा खोताकडे, आणि घरात उरायची नाचणीची भाकरी, वरी, कुळथाची पिठी. भात हा सणाचा किंवा आजाऱ्याचा. अशा माणसाला कोणी म्हटले, “तिथे रोज भात मिळेल,” तर त्या वाक्याचे वजन पाच रुपयांहून कमी नव्हते. भरती करणाऱ्या दलालांना हे ठाऊक नसेल, असे मला तरी वाटत नाही.

हाच शिधा पुढे दावणीसारखा झाला. ज्याच्या हातात मजुरी त्याच्याच कोठीत तांदूळ, आणि राहायची जागाही त्याचीच. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापत. ‘डबल कट’ हा शब्द अजून आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. मजुरी कित्येक महिने थकत असे, आणि तोवर पोट कोठीवरच चाले. कर्जही तिथेच होई. शिवाय या तांदळाचा एक दाणाही इथला नव्हता. तो आधी बंगालमधून आणि नंतर ब्रह्मदेशातून येई. बेटभर ऊस, आणि चुलीवरचे सगळे समुद्रापलीकडचे.

म्हणून कँपातल्या खोल्यांमागच्या जमिनीच्या तुकड्याला मी फार मानतो. तिथे दोडका, कारली, भेंडी, अळू लावले, कुंपणाला शेवगा, कडेला एखादी शेळी, पुढे गाय. करार संपल्यावर अनेकांनी भाजी आणि दूध विकायला सुरुवात केली. मळेवाल्यांना हे रुचले नाही. 1867 च्या कायद्याने करारमुक्त माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला तर पकडत. डोक्यावर टोपली असली तरी तो भटक्याच. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांनी गव्हर्नरपुढे ठेवलेल्या अर्जावर 9,401 लोकांची नावे होती, आणि त्यानंतर शाही आयोग बसला. पुढे 1880 च्या दशकापासून मोठे मळे तुकडे पाडून विकले जाऊ लागले, तेव्हा ते घ्यायला आपल्या लोकांकडे थोडे पैसे होते. त्यांतले पुष्कळसे भाजीचे आणि दुधाचे होते.

शिधा सगळ्यांना सारखाच, म्हणून चुलीही एकमेकींकडून शिकल्या. शेवग्याच्या पाल्याला आपण सगळे ‘ब्रेद मुरुम’ म्हणतो, त्यातला मुरुम तमिळांचा. मालवणाकडे गोकुळाष्टमीला हीच भाजी करतात, हे इथल्या किती मराठी घरांना माहीत आहे? डाळपुरी भोजपुरी बायांची. आता ती पोर्ट लुईत क्रिओल, चिनी, मुसलमान सगळेच खातात, आणि मागतात ती जोडीने. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला ती काही परकी वाटली नसणार, फक्त गूळ नाही, मीठ. आपला पाटा-वरवंटा इथे ‘रोस कारी’ झाला आणि वरवंट्याला नाव पडले ‘बाबा’, म्हणजे तान्हे मूल. महाराष्ट्रात बारशाला वरवंटाच बाळासारखा सजवून पाळण्याशी नेतात. या दोन गोष्टींचा संबंध असेलच असे नाही, पण मला दर वेळी गंमत वाटते.

1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि इथला तांदूळ थांबला. उसाच्या जमिनीत मका, मॅनियोक, रताळी लावायचा हुकूम निघाला. दुकानांपुढे रांगा लागल्या. माझे वडील तेव्हा लहान होते. मक्याचे पीठ घरात आले तेव्हा त्याचे काय करायचे हे शेजारपाजारी कोणाला नीट सुचेना. आजीने परात ओढली, गरम पाणी घातले आणि भाकरी थापायला बसली. तिच्या सासूकडून ती हे शिकली होती, आणि सासू तिच्या आईकडून. भात रोजचा झाल्यापासून आमच्या घरात भाकरी कोणी केली नव्हती.

लढाई संपून तांदूळ परत येऊ लागला. मुलांना आनंद झाला. आजी मात्र आणखी बरेच दिवस स्वतःपुरती एक भाकरी थापत असे, असे वडील सांगत.