आंतरसांस्कृतिक गैरसमज, कथासाहित्यातील

दोन समाजांतील माणसे एकाच कृतीचा वेगवेगळा अर्थ लावतात, तेव्हा निर्माण होणारा संघर्ष. घानाच्या लेखिका आमा आता आयडू यांच्या ‘द डिलेमा ऑफ अ घोस्ट’ (१९६५) या नाटकात घानाचा तरुण आफ्रिकी-अमेरिकी पत्नीला घरी आणतो. दोघांनी मूल लांबणीवर टाकलेले असते. नातलग मात्र सुनेला वांझ समजतात. नवरा खरे सांगत नाही, आणि सारा दोष तिच्यावर येतो.

मराठीत अमेरिकेशी आलेल्या अशा संबंधाची ठळक कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८). तिचा आधार इतिहासाचा आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे मदत मागितली. वाइल्डरनी त्यात धर्मांतराची संधी पाहिली. हा पत्रव्यवहार ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी मात्र तो वाचून आनंदीबाईंशी स्नेह जोडला. एकाच मजकुराची ही दोन वाचने या विषयाचे उत्तम उदाहरण ठरतात. गैरसमज घरच्या बाजूनेही होता: परदेशी गेलेली स्त्री धर्म सोडणारच, असे अनेकांनी गृहीत धरले. म्हणूनच १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी अमेरिकेला हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार जाहीर केला, आणि तो पाळला. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.