नळ-कारागिराचा परवाना : मुंबईपासून आलापल्लीपर्यंत

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने मिळू लागले. पुढे तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) यांची भर पडली. पाण्याचा नळ व मैल्याचे गटार शेजारी नांदू लागताच एक नवा प्रश्न उद्भवला. गवंड्याचे काम डोळ्यांस दिसते. नळ-कारागिराचा सांधा मात्र जमिनीखाली झाकला जातो, आणि तो फुटल्यास त्याचे भोग शेजाऱ्यांच्या वाट्यास येतात. अशा अदृश्य कामास उत्तरदायी माणूस ठरवून देणे, हेच परवाना-पद्धतीचे मर्म होय. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने हे परवाने देण्याचा अधिकार आयुक्तांकडे सोपविला. १९४९ च्या प्रांतिक अधिनियमाने तेच तत्त्व इतर महानगरपालिकांस लागू केले.

परंतु या अधिनियमांची सत्ता महानगरपालिकेच्या हद्दीपाशी संपते. चंद्रपुरास महानगरपालिका लाभली ती २०११ साली. तेव्हाच १९४९ चा अधिनियम तेथे पोहोचला. आलापल्ली हे ग्रामपंचायतीचे गाव; ते या कक्षेबाहेर राहिले. २०१९ पासून जल जीवन मिशनने खेडोपाडी घरोघर नळ नेण्याचे कार्य हाती घेतले आहे. सांधा तेथेही जमिनीखालीच झाकला जातो. त्याचा उत्तरदायी कोण, हा मुंबईने १८८८ साली सोडविलेला प्रश्न अरण्यप्रदेशापुढे आज नव्याने उभा आहे.