पांच शिलिंगांचा परवाना

मोटार चालविणाऱ्यानें आधीं परीक्षा द्यावी, मग परवाना घ्यावा आणि मगच एकट्यानें रस्त्यावर उतरावें, हा क्रम आतां इतका स्वाभाविक वाटतो कीं, तो मोटारीबरोबरच जन्मास आला असावा अशी कोणाचीही समजूत व्हावी. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्या देशाकडून हिंदुस्थाननें रस्त्याचे बहुतेक नियम उचलले, त्या इंग्लंडांत मोटार चालविण्याचा परवाना १ जानेवारी १९०४ पासून सक्तीचा झाला; परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ रोजीं. मधल्या एकतीस वर्षांत, वयाचीं सतरा वर्षें पुरीं केलेल्या आणि दरवर्षीं पांच शिलिंग मोजणाऱ्या कोणाही माणसास हा परवाना मिळत असे. त्यानें मोटारीचें चाक पूर्वीं कधीं हातांत धरलें आहे कीं नाहीं, हें त्यास कोणी विचारीत नसे. ही एकतीस वर्षें कशीं गेलीं आणि त्यांची किंमत कोणी दिली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

गंमत अशी कीं, इंग्लंडांतील या कायद्यांचा आरंभ ढिलाईनें झाला नव्हता. तो झाला होता अतिरेकी सावधगिरीनें. १८६५ चा कायदा झाला तेव्हां रस्त्यांवरून जात असत तीं वाफेवर चालणारीं अवजड यंत्रें. त्यांची गति खुल्या मुलुखांत ताशीं चार मैल व गांवांत ताशीं दोन मैल, याहून अधिक असूं नये, असें त्या कायद्यानें ठरविलें. यंत्राबरोबर तीन माणसें असलीं पाहिजेत आणि त्यांपैकीं एकानें लाल निशाण घेऊन निदान साठ यार्ड पुढें पायीं चाललें पाहिजे, असाही त्याचा हुकूम होता. १८७८ च्या दुरुस्तीनें हें अंतर वीस यार्डांवर आलें आणि निशाणाची सरसकट सक्ति गेली. पण पुढें चालणारा माणूस कायम राहिला. ज्या यंत्राचा सारा अभिमान वेगाचा, तें माणसाच्या पावलांशीं जखडून टाकलें गेलें.

या कायद्याची पुढें पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्याच्या मुळाशीं केवळ भित्रेपणा होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्या काळच्या घोड्यांना धुराची आणि शिटीची संवय नव्हती. घोडा बुजला म्हणजे गाडीसह आंतल्या माणसांच्या जिवावर बेते. रस्ता हा पायीं चालणाऱ्यांचा आणि घोड्यांचा. नव्यानें आलेल्या पाहुण्यानें तेथें बेतानेंच वागावें, अशी कायदा करणाऱ्यांची भूमिका होती. ही भूमिका १८९६ सालीं पालटली. तीन टनांहून हलक्या गाड्यांना पुढच्या माणसापासून मुक्ति मिळाली आणि त्यांची मर्यादा ताशीं चौदा मैलांवर गेली. सरकारी खात्यानें ती लागलीच बारा मैलांवर उतरविली ही गोष्ट वेगळी. १४ नोव्हेंबर रोजीं मोटारवाल्यांनीं लंडन ते ब्राइटन अशी मोठी मिरवणूक काढली, आणि निघण्यापूर्वीं न्याहारीच्या वेळीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं एक लाल निशाण समारंभपूर्वक फाडलें. या प्रवासाच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींची फेरी पुढेंही नोव्हेंबर महिन्यांत निघत राहिली.

त्याच वर्षींची १७ ऑगस्ट ही तारीख मात्र कोणी मिरविली नाहीं. त्या दिवशीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत लोकांना दाखविण्यासाठीं फिरविल्या जाणाऱ्या एका मोटारीची धडक बसून ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची चव्वेचाळीस वर्षांची स्त्री मरण पावली. ब्रिटनमध्यें पेट्रोलच्या मोटारीनें पादचाऱ्याचा घेतलेला हा पहिला बळी मानला जातो. आपली गति ताशीं चार मैलच होती, असें चालकानें सांगितलें. मृत्यु अपघाती ठरला. असा प्रकार पुन्हा कधीं न घडो, अशी इच्छा चौकशी करणाऱ्या कॉरोनरनें व्यक्त केल्याचें सांगतात. ती इच्छा प्रामाणिक असेल. पण तिच्यामागें कोणताही नियम उभा नव्हता.

१९०३ च्या मोटार कायद्यानें प्रत्येक गाडीस क्रमांक दिला, चालकास परवाना दिला, बेफामपणें गाडी हांकणें हा गुन्हा ठरविला आणि मर्यादा ताशीं वीस मैल केली. चालकाच्या अंगीं कौशल्य असावें असें मात्र त्यांत कोठेंही नव्हतें. क्रमांक आणि परवाना हे दोन्ही गुन्हा घडल्यानंतर माणूस सांपडावा म्हणून होते. गुन्हा घडूंच नये म्हणून नव्हते. पुढील तीस वर्षांच्या बहुतेक अनर्थाचें मूळ येथें आहे.

वीस मैलांची मर्यादा पाळली जावी म्हणून पोलीस झुडुपांआड लपून, हातांत घड्याळ घेऊन गाड्यांचा वेग मोजूं लागले. मोटारवाले बहुधा सधन व वजनदार. त्यांना हा अपमान वाटला. १९०५ सालीं त्यांनीं आपली एक संघटना काढली. तिचे सायकलस्वार रस्त्यांवर फिरत आणि पोलीस कोठें दबा धरून बसले आहेत याची सूचना सभासदांना देत. १९१० सालीं न्यायालयानें अशी सूचना देणें हा पोलिसांच्या कामांत अडथळा ठरविला. तेव्हां संघटनेनें एक नामी युक्ति काढली. सभासदाची गाडी दिसली कीं सायकलस्वारानें सलाम ठोकावा, ही रीत होतीच. आतां सभासदांना असें कळविण्यांत आलें कीं, एखाद्या वेळीं सलाम मिळाला नाहीं, तर गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें. सलाम करणें हा गुन्हा होऊं शकत होता. सलाम न करणें हा गुन्हा कसा ठरणार? युक्ति चतुर खरी. पण ती चालविणाऱ्यांच्या मनांत रस्त्यावरचा पादचारी कोठेंच नव्हता, हेंही तितकेंच खरें.

सर्रास मोडल्या जाणाऱ्या या मर्यादेनें कायद्याचेंच हंसें होतें, असा युक्तिवाद बळावत गेला. आणि १९३० च्या कायद्यानें खासगी मोटारींवरील गतीची मर्यादा चक्क काढून टाकली. त्याच कायद्यानें तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दल विमा सक्तीचा केला, आणि त्याच्याच आधारें १९३१ सालीं ‘हायवे कोड’ हें रस्त्याच्या नियमांचें छोटें पुस्तक निघालें. किंमत एक पेनी. घोडागाडीवाल्यानें चाबकानें कोणत्या खुणा कराव्या, हें त्यांत सांगितलें होतें; मोटारीच्या आरशाचा मात्र उल्लेखही नव्हता. दुसऱ्या गाडीच्या पुढें जातांना भोंगा वाजवावा असा सल्ला होता. पुस्तक उपयुक्त होतें यांत शंका नाहीं. परंतु तें वाचलें आहे कीं नाहीं, हें परवाना देतांना कोणी पाहत नव्हतें.

त्या सुमारास ब्रिटनमध्यें मोटारी व तत्सम वाहनें सुमारें तेवीस लाख होतीं आणि दरवर्षीं सात हजारांवर माणसें रस्त्यांवर मरत होतीं. १९३४ सालीं मृतांचा आंकडा ७,३४३ झाला. जखमी झाले २,३१,६०३. अपघातांत सांपडलेल्यांपैकीं निम्मे पादचारी होते, आणि चारांतील तीन अपघात वस्तीच्या भागांत घडले होते. म्हणजे माणूस मरत होता तो दूरच्या माळरानावर नव्हे, तर आपल्या घराच्या आसपास. १९२९ सालीं पादचाऱ्यांचीही एक संघटना निघाली होती. पुढें शांततेचें नोबेल पारितोषिक मिळविणारे व्हायकौंट सेसिल हे तिच्या आरंभींच्या पुढाऱ्यांपैकीं एक. ‘रस्ता कोणाचा’ हा १८६५ चा प्रश्न तिनें पुन्हा विचारला.

१९३४ च्या विधेयकावर पार्लमेंटांत जी चर्चा झाली, तींतील एक भाषण विसरण्यासारखें नाहीं. कर्नल मूर-ब्राबाझन हे नांवाजलेले वैमानिक आणि मोटारींचे शौकीन. देशांत दरवर्षीं सहा हजारांवर लोक आत्महत्या करतात, त्याबद्दल कोणी ओरड करीत नाहीं, मग सात हजार अपघाती मृत्यूंबद्दलच एवढा गहजब कां, असा त्यांचा सवाल होता. पूर्वीं कोंबड्या आणि कुत्रीं मोटारींखालीं मरत, आतां तीं बाजूला व्हावयास शिकलीं आहेत, असाही दाखला त्यांनीं दिला. माणसेंही शिकतील, हा त्यांतील मथितार्थ! एखाद्या बुद्धिमान माणसास वेगाचा नाद लागला म्हणजे त्याचा न्याय कोणत्या थरास जातो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

विधेयक मंजूर झालें. त्याची अंमलबजावणी लेस्ली होर-बेलिशा या उत्साही मंत्र्याच्या हातीं आली. मंत्रिपद मिळाल्यावर लवकरच लंडनच्या कॅम्डन भागांत रस्ता ओलांडतांना हे गृहस्थ स्वतःच एका मोटारीखालीं सांपडतां सांपडतां वांचले. पादचाऱ्यांच्या वाटांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि त्यांवर नारिंगी गोळे त्यांच्याच कारकीर्दींत उभे राहिले; त्या खांबांना त्यांचेंच नांव पडलें. आरंभीं हे गोळे कांचेचे होते, आणि कांचेचा गोळा व खोडकर मूल यांची गांठ पडली म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा आली. वस्तीचा भाग कोणता, हें ओळखण्याची खूण सोपी होती: जेथें रस्त्याच्या दिव्यांमध्यें दोनशें यार्डांहून अधिक अंतर नाहीं, तो.

आणि शेवटीं परीक्षा आली. मार्चमध्यें ती ऐच्छिक होती, जूनमध्यें सक्तीची झाली. फी साडेसात शिलिंग, परवान्याच्या दीडपट. परीक्षेसाठीं कचेऱ्या नव्हत्या. उमेदवारानें एखाद्या बागेपाशीं किंवा आगगाडीच्या स्टेशनापाशीं परीक्षकास गांठावें आणि तेथूनच त्यास गाडींत घेऊन निघावें, अशी व्यवस्था होती. पहिल्या वर्षीं सुमारें २,४६,००० उमेदवार बसले, आणि शंभरांत त्रेसष्ट उत्तीर्ण झाले. जे सदतीस अनुत्तीर्ण झाले ते, दोन वर्षांपूर्वीं असते तर, पांच शिलिंग टाकून त्याच दिवशीं मोकळ्या रस्त्यानें निघून गेले असते. १९३५ सालीं मृतांची संख्या ६,५०२ वर उतरली. हा सारा गुण परीक्षेचा असें म्हणतां येणार नाहीं. तीस मैलांची मर्यादाही त्याच वर्षीं आली होती. पण संख्या उतरली.

हिंदुस्थानांत १९१४ च्या कायद्यानें नोंदणी व परवाना सर्वत्र आणला आणि तपशिलाचे नियम प्रांतिक सरकारांवर सोपविले. पुढें १९३९ चा व्यापक कायदा झाला, तो इंग्लंडच्या या अनुभवानंतर. त्यामुळें चालकाच्या परीक्षेचें स्वरूप, रस्त्यावरील चिन्हें, हातांच्या खुणा, शक्य तितकें डाव्या बाजूनें जाण्याचा नियम, हें सारें त्याच्या परिशिष्टांतच आलें. मात्र तिऱ्हाइताच्या विम्याचें प्रकरण लागू झालें नाहीं. तें अमलांत आलें १ जुलै १९४६ रोजीं. मधल्या सात वर्षांत मोटारीखालीं सांपडलेल्या पांथस्थाच्या मुलाबाळांना भरपाई मिळणार कीं नाहीं, हें मोटारमालकाच्या थैलीवर अवलंबून होतें. १९८८ च्या कायद्यानें १९३९ च्या कायद्याची जागा घेतली. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं; परीक्षा कागदावर असणें आणि ती खरोखर घेतली जाणें, यांतील अंतर या आंकड्यांत किती भरलें आहे याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

चालकाची परीक्षा झाली, तरी गाडीची परीक्षा व्हावयाची राहिलीच होती. ब्रिटनमध्यें ती १९६० सालीं आली. दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि चाक फिरविण्याची यंत्रणा तपासावी, एवढाच तिचा व्याप. परंतु तपासणींत नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या कीं, पुढच्याच वर्षीं दहा वर्षांची मुदत सातांवर आणावी लागली, आणि १९६७ सालीं ती तीन वर्षांवर आली. त्या गाड्यांचे मालक कांहीं बेफाम माणसें नव्हेत. रोज सकाळीं गाडी सुरू होते, सायंकाळीं घरीं येते, तेव्हां ब्रेक ठीकच असले पाहिजेत, अशी साध्या गृहस्थाची समजूत असते. ब्रेक झिजतो तो हळूंहळूं, आणि चालकाचा पाय नकळत त्या झिजेशीं जुळवून घेतो. रोज थोडें अधिक दाबण्याची त्यास संवय होते. उणीव कळते ती एखादें मूल अवचित रस्त्यावर धांवलें म्हणजे. तपासनिसाचा पाय परका असतो, म्हणून त्यास ती आधीं कळते.

१९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें आणि ब्रिटनमधील चालकांच्या परीक्षा बंद पडल्या. परीक्षकांना पेट्रोलच्या वांटपावर देखरेख करण्यासारख्या कामांवर नेमण्यांत आलें. शत्रूच्या विमानांच्या भीतीनें रस्त्यांवरचे दिवे विझले, गाड्यांच्या दिव्यांवर झांकणें चढलीं, पदपथांच्या कडांना पांढरा रंग फांसला गेला, आणि अंधारांत ताशीं वीस मैलांची मर्यादा पुन्हा आली. पेट्रोल नियंत्रित, रस्ते ओस. तरीहि १९४१ सालीं ९,१६९ माणसें रस्त्यांवर मेलीं. त्या देशाच्या इतिहासांत हा आंकडा सर्वांत मोठा आहे. २०१२ सालीं, वाहनें तीन कोटींवर गेलीं असतांना, तोच आंकडा १,७५४ होता.

युद्ध संपल्यावर १ नोव्हेंबर १९४६ रोजीं परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. युद्धाच्या काळांत ज्यांनीं शिकाऊ परवान्यावर गाड्या चालविल्या होत्या, त्यांचें काय करावें हा प्रश्न उरला होता. १९४७ च्या फेब्रुवारींत सरकारनें त्यांना एक वर्षाची मुदत दिली: तेवढ्या अवधींत जो अर्ज करील, त्यास परीक्षेवांचून पुरा परवाना मिळेल. १ एप्रिल १९३४ पूर्वीं ज्यांनीं गाडी चालविण्यास आरंभ केला होता, त्यांना तर परीक्षा कधींच लागू झाली नव्हती. असे लाखों चालक पुढें कैक वर्षें रस्त्यांवर होते. त्यांच्या शेजारीं बसून त्यांचीं मुलें गाडी शिकलीं आणि परीक्षेस बसलीं. आईबापांना मात्र तो प्रसंग कधीं आला नाहीं.